पोरांनी "आकाश कुठे संपतं" विचारलं तर काय करायचं

माझी भाची सात वर्षांची, ठाण्यात वर्तक नगरला राहते. मागच्या गणपतीत तिने विचारलं मामा अनंत म्हणजे काय, मी आपला छाती फुगवून सांगायला गेलो की ज्याला शेवट नाही ते अनंत, तर म्हणते पण अनंत चतुर्दशीला तर सगळं संपतं ना. आता बोला. त्यात आमच्या आईने मध्येच अनंताच्या दोऱ्याचं काढलं, चौदा गाठींचा असतो म्हणे, म्हणजे अनंताला पण मोजून १४ गाठी, पोरगी आणखीच कन्फ्यूज.

तेव्हापासून तिच्यावर आणि बिल्डिंगमधल्या चार-पाच पोरांवर प्रयोग चालू आहेत, त्यातलं जे जमलं ते लिहितोय. सामान काही फार नाही, चौकटीची वही, मीटरभर इलॅस्टिक (जांभळी नाक्याला कुठल्याही शिलाई सामानाच्या दुकानात मिळतं), एक प्लास्टिकचा बॉल, स्केचपेन. आणि गच्चीची चावी, ती वॉचमनकडून काढणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

सगळ्यात आधी एक पथ्य. "अनंत म्हणजे खूप खूप मोठं" असं चुकूनही सांगू नका, एकदा ते डोक्यात बसलं की निघत नाही, मोठ्या माणसांच्या पण डोक्यात तेच बसलेलं असतं. त्याऐवजी पोराला म्हणा तुला येतो तेवढा मोठा आकडा सांग. ते कोटी म्हणेल, अब्ज म्हणेल, आजोबांनी शिकवलं असेल तर परार्ध म्हणेल (१ वर १७ शून्यं), तुम्ही शांतपणे म्हणायचं "अधिक एक". असं दहा वेळा केलं की चिडतं. चिडू द्या. आपल्याला जेवढं विश्व दिसू शकतं त्यातले सगळे अणू मोजले तरी आकडा साधारण १ वर ८० शून्यं एवढा येतो, वहीच्या दोन-तीन ओळीत मावतो, लिहून दाखवा, आणि त्यालाही अधिक एक करा. माझ्या भाचीला चौथ्या दिवशी पोहे खाताना क्लिक झालं, म्हणाली म्हणजे शेवटचा नंबर नाहीचे, तू फक्त अधिक एक म्हणत बसणार. बास, एवढंच पाहिजे होतं. अनंत डोळ्यासमोर आणायला जायचंच नाही, कोणाच्याच येत नाही, नियम पकडायचा. नियम दोन शब्दांचा आणि तो कायम चालतो.

पुढचं काम जोड्या लावायचं. मिसळ खायला न्या, प्रत्येक प्लेटबरोबर दोन पाव येतात, म्हणजे न मोजता कळतं की पाव दुप्पट आहेत. आता वहीत वरच्या ओळीत १, २, ३, ४ लिहायला सांगा आणि खाली प्रत्येकाची दुप्पट, २, ४, ६, ८. प्रत्येक आकड्याला जोडीदार मिळाला, कोणी उपाशी नाही. मग सम संख्या निम्म्या की तेवढ्याच? इथे घरातली मोठी माणसं भांडायला लागतात, आमच्याकडे भावोजी अर्धा तास ऐकायलाच तयार नव्हते. गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्गसंख्यांची अशीच जोडी लावून बघितली आणि हात टेकले, म्हणाला कमी, जास्त, सारखं हे शब्द अनंताला लावूच नका. कॅन्टर नावाच्या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उलटं केलं, तो म्हणाला जोडी लागली तर सारखं, आता पुढे बघू काय होतं.

जे होतं ते पोरांना सांगायला घोडबंदर रोडचा टॉवर घ्या. हिल्बर्ट नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९२४-२५ च्या सुमारास व्याख्यानात हॉटेल घेतलं होतं पण आपल्याकडे फ्लॅटची भाषा लवकर कळते. टॉवरमध्ये अनंत फ्लॅट, सगळे भरलेले, आणि खाली एक नवीन कुटुंब टेम्पोसकट उभं. सेक्रेटरी काय करतो, सगळ्यांना नोटीस काढतो की प्रत्येकाने एकेक फ्लॅट पुढे सरका, १ वाला २ मध्ये, २ वाला ३ मध्ये, पहिला फ्लॅट रिकामा. (पार्किंगचं काय हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, पार्किंग पण अनंत आहे म्हणून सांगा, तेवढंच समाधान.) मग अनंत कुटुंबं आली तर? प्रत्येकाने आपल्या नंबरच्या दुप्पट नंबरात जायचं, सगळे विषम फ्लॅट मोकळे. हे वहीत करून घ्याच, सोडू नका, याच गोष्टीचा पुढे विश्वाला उपयोग होतो.

दहा-बारा वर्षांच्या वरचं पोर असेल तर आणखी एक पायरी आहे, लहान असेल तर ही गाळा. चौकटीच्या वहीत एकेका ओळीत फुली-गोळ्यांची माळ भरायला सांगा, मनाला येईल तशी, पाच ओळी पाच रकाने, आणि असं समजा की माळा उजवीकडे आणि ओळी खाली कधीच संपत नाहीत. यादीत सगळ्या माळा आल्या असा पोराचा दावा. आता तिरपं जा, पहिल्या ओळीतली पहिली खूण, दुसऱ्या ओळीतली दुसरी, तिसऱ्या ओळीतली तिसरी, आणि प्रत्येक खूण उलटी करून नवीन माळ लिहा. ही माळ पहिल्या ओळीसारखी नाही कारण पहिली खूण वेगळी, दुसरीसारखी नाही कारण दुसरी वेगळी, म्हणजे ती यादीत कुठेच नाही. यादी कशीही करा, एक तरी माळ बाहेर राहणारच. म्हणजे अनंत टॉवरमध्ये पण ही मंडळी मावत नाहीत, हे अनंत त्या अनंताहून मोठं. कॅन्टरने हे १८९१ मध्ये मांडलं. मला स्वतःला हे इंजिनीअरिंग होऊन दहा वर्षं झाल्यावर कळलं, ऐरोलीला ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये टिश्यू पेपरवर, आणि माझं स्टेशन गेलं.

आजोबा लोक इथे म्हणतील की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. अर्धं खरं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नावाचा शिलालेख आहे त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं, तिच्यात कितीही मिळवा काढा ती बदलत नाही, आणि उपमा दिली अनंत अच्युताची. म्हणजे टॉवरमधला पहिला पाहुणा त्यांना माहीत होता. फक्त शून्याने भागायला आजचं गणित परवानगी देत नाही, तेवढं सांगून टाका नाहीतर शाळेत मार्क जातील.

आता विश्व. आमचं ठाण्याचं आकाश काय सांगू, शनी दिसला तरी पार्टी द्यावी अशी परिस्थिती, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात अमावस्येच्या आसपास मुरबाड-माळशेजकडे गाडी काढा आणि देवयानी दीर्घिका (ॲन्ड्रोमेडा गॅलेक्सी, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह) शोधा, मोबाईलवरचं कुठलंही आकाशाचं ॲप दाखवतं. अंधुक कापसाचा बोळा, नुसत्या डोळ्याने. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. चंद्राचा सव्वा सेकंदापूर्वीचा, सूर्याचा आठ मिनिटांपूर्वीचा. लांब बघणं म्हणजे जुनं बघणं हे एकदा पोराला पटलं की निम्मं काम झालं.

मग एकदम विचारा, रात्री अंधार का असतो? सूर्य नसतो म्हणून, हे उत्तर येणारच. येऊ द्या, आणि रविवारी येऊरला न्या. झाडी दाट आहे तिथे उभं करून सांगा सरळ बघ, जिकडे बघशील तिकडे कुठलं ना कुठलं खोड आडवं येतं, फटच नाही. आणि सोसायटीच्या बागेत? पाच झाडं, मधून पलीकडचा मॉल दिसतो. आता विश्व अनंत असतं, कायमचं जुनं असतं, हलत नसतं आणि सगळीकडे तारे पेरलेले असते तर कुठेही बघा, नजर कुठल्या तरी ताऱ्यावर आदळलीच असती आणि अख्खी रात्र सूर्यासारखी झगमगली असती. ओल्बर्स नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये हा पेच मांडला म्हणून पेचाला त्याचं नाव लागलं. अंधार आहे याचा अर्थ त्या अटींपैकी निदान एक तरी खोटी. खोटी निघाली ती "कायमचं जुनं", विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, त्याहून लांबच्या ताऱ्यांचा उजेड अजून पोचलेलाच नाही. "हलत नाही" हेही खोटं निघालं, त्याकडे येतो. पण "अनंत" ही अट खोटी ठरली असं यातून निघत नाही बरं का, इथे बरेच यूट्यूबवाले घसरतात.

हे समजवायला वाशीचा खाडीपूल बेस्ट. जानेवारीत सकाळी धुकं असतं, ट्रेन मानखुर्द सोडून पुलावर येते आणि दोन-चारशे मीटरच्या पुढचं काही दिसत नाही. म्हणून काय पूल तिथे संपला? तुमच्या पुढच्या गाडीतल्या माणसाला त्याचं वेगळं वर्तुळ दिसतं. आपलं दिसणारं विश्व असंच, आपल्या भोवतीचं एक वर्तुळ, ९३०० कोटी प्रकाशवर्षं व्यासाचं (उजेड एका वर्षात जेवढा लांब जातो ते एक प्रकाशवर्ष). हुशार पोर लगेच पकडतं की वय १३८० कोटी तर अंतर एका बाजूला ४६५० कोटी कसं. त्यासाठी ते इलॅस्टिक.

दर दहा सेंटीमीटरवर ठिपके काढा आणि दोघांनी दोन टोकं धरून दुप्पट ताणा. शेजारचा ठिपका दहा सेंटीमीटर लांब गेला, त्याच्या पलीकडचा वीस. लांबचा जास्त वेगाने पळतो, हबल या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दीर्घिकांबद्दल हेच दाखवलं. कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा, तोच मध्य वाटतो. उजेड चालत असताना मागचं इलॅस्टिक ताणलं जात होतं म्हणून अंतर वाढलं. आणि पोराने विचारलं की ताणतं तर कशात ताणतं, बाहेर जागा पाहिजे ना, तर टॉवरची वही काढा. १ गेला २ मध्ये, २ गेला ४ मध्ये, सगळे एकमेकांपासून दुप्पट लांब झाले आणि टॉवरच्या बाहेर कोणीच पडलं नाही. अनंत इलॅस्टिकला ताणायला बाहेरची जागा लागत नाही. हे दोन्ही एकच आहे हे माझ्या लक्षात भाचीला शिकवताना आलं, मी दोन मिनिटं गप्प होतो.

मग अनंत आहे की नाही? इथे बॉल. बॉलवर मुंगी कितीही चालली तरी कडा लागत नाही, पण बॉल काही अनंत नाही. कडा नसणं वेगळं, अनंत असणं वेगळं. जुन्या मोबाईलवरचा साप आठवा, उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत. आता बॉलवर त्रिकोण काढा, वरच्या टोकापासून खाली मध्यरेषेपर्यंत, तिच्यावरून पाव फेरी, परत वर. तीन काटकोन, २७० अंश, वहीतल्या त्रिकोणाचे १८०. म्हणजे आत बसून त्रिकोण मोजला तरी आपली जागा वाकडी की सपाट ते कळतं.

शास्त्रज्ञांनी खरंच असा त्रिकोण मोजलाय, सगळ्यात जुन्या उजेडाचा. तो उजेड विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटला, आता मायक्रोवेव्ह होऊन सगळीकडून येतो. सापडला तो पण योगायोगाने, १९६४-६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात खरखर येत होती, आत कबुतरांनी घरटं केलेलं, त्यांना वाटलं घाणीमुळे असेल, घासून साफ केलं तरी खरखर तशीच (बाल्कनीला जाळी मारणाऱ्या समस्त ठाणेकरांना हे वाचून बरं वाटेल, आणि त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं, आपल्याला फक्त बिल मिळतं). त्या उजेडात किंचित गरम-थंड ठिपके आहेत, ठिपका म्हणजे त्रिकोणाचा पाया आणि आपण समोरचं टोक. ठिपक्यांचा खरा आकार गणिताने कळतो, आकाशात ते केवढे दिसतात ते प्लँक उपग्रहाने मोजलं, आणि बाकीची मोजमापं जोडून उत्तर आलं सपाट, अर्धा टक्काही इकडेतिकडे नाही.

सपाट म्हणजे अनंत असं म्हणून मोकळे होऊ नका. सापाचा स्क्रीन पण सपाटच असतो. तसं गुंडाळलेलं विश्व लहान असतं तर त्या उजेडात एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसल्या असत्या, शोधल्या, मिळाल्या नाहीत, म्हणजे साप असलाच तर त्याचा स्क्रीन फार मोठा आहे. आणि पाम बीच रोडवर उभं राहिलं की पृथ्वी पण सपाटच वाटते ना. म्हणून पोराला सांगायचं उत्तर असं की मोजलं तेवढं सपाट, बघितलं तेवढं न संपणारं, आणि त्या धुक्यापलीकडे बघायची सोय उजेडाने ठेवलेली नाही. "कोणालाच माहीत नाही" एवढंच सांगून झटकू नका, का माहीत नाही हे सांगा, त्यातच सगळी मजा आहे.

एक शेवटचं, हे रात्री झोपायच्या वेळी सुरू करू नका. मी केलं. साडेअकराला अंधारातून आवाज, "मामा, अधिक एक."