गुपिते आणि कुजबुज यांवर खेळाचे नियम कसे बेतावेत

गुपितांवर खेळ रचताना बहुधा पहिली चूक अशी होते की गुपित म्हणजे केवळ दडवलेली माहिती असे धरून ती शोधण्याचेच नियम लिहिले जातात, आणि मग माहिती हाती लागताच खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि ती झाकलेली ठेवण्यातच खेळाडूला लाभ दिसला पाहिजे. म्हणून प्रत्येक गुपिताबरोबर ते कोणाला ठाऊक आहे, फुटल्यास कोणाचे नुकसान होईल आणि ते वापरणाऱ्याला काय मोजावे लागेल, हे आधी ठरवावे.

२०२० साली आलेल्या 'क्रुसेडर किंग्ज ३' या संगणकीय खेळात समोरच्याचे बिंग हाती लागले की त्याच्यावर पकड मिळते. कच्ची पकड एकदाच वापरता येते, पक्की पुन्हा पुन्हा. हीच कल्पना टेबलावरच्या खेळात आणण्यासाठी मी 'षट्कर्णी' या शब्दाचाच नियम करतो: गोष्ट दोघांतच असेपर्यंत पकड पक्की, तिसऱ्याच्या कानी गेली की कच्ची, आणि चौथ्याला कळली की ती नुसती अफवा. या एका नियमामुळे कोणाला सांगावे हा निर्णय दर फेरीला नव्याने घ्यावा लागतो.

अफवेची नोंद मूळ गुपितापासून वेगळी ठेवावी आणि त्या नोंदीत कोणाविषयी, काय आणि कोणाकडून ऐकले हे तिन्ही असावे. समजा, खजिनदार रात्री परक्या दूताला भेटल्याचे दासीने पाहिले. ती स्वयंपाक्याला तेवढेच सांगते. स्वयंपाकी पहारेकऱ्याला सांगताना भेटीऐवजी लाच म्हणतो. पहारेकऱ्याच्या तोंडी खजिनदाराचा सेनापती होतो. प्रत्येक टप्प्यावर एकच तपशील बदलावा. दोन बदलले की खेळाडूला माग काढता येत नाही आणि सारेच मनमानी वाटू लागते, हे मी चाचण्यांत वारंवार पाहिले आहे. "तुला हे कोणी सांगितले?" हा प्रश्न विचारण्याची चाल खेळात असलीच पाहिजे, माझ्या मते अशा खेळातली ती सर्वांत मोलाची चाल आहे.

पुराव्याबाबत मात्र कडक राहावे. खेळाडूला आपले पत्ते सरळ दाखवता आले तर शब्दावर विश्वास ठेवण्याची गरजच संपते, आणि विश्वासाची गरज नसेल तिथे खोटे बोलण्यालाही अर्थ राहत नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिप्लोमसी' या पटावरच्या खेळात खेळाडू आधी आपसांत बोलतात, मग प्रत्येक जण आपले हुकूम गुप्तपणे लिहितो आणि सगळे हुकूम एकाच वेळी उघड होतात. दिलेले कोणतेही वचन नियमाने बंधनकारक नसते. दगा शक्य असतो म्हणूनच तिथे पाळलेल्या शब्दाला किंमत येते. खासगी बोलण्याला वेळेची मर्यादा घालावी, नाहीतर दोघे कोपऱ्यात रमतात आणि बाकीचे ताटकळतात.

पहिली चाचणी साध्या कागदी पत्त्यांवर, चार-पाच जणांत घ्यावी. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येकाकडून आपला संशय कोणावर आहे आणि तो कोणाच्या बोलण्यावरून आला, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. दुसऱ्याच फेरीत सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव आले तर गुपिते फार लवकर पसरत आहेत असे समजावे आणि गोष्ट सांगण्याची किंमत वाढवून पुन्हा खेळून पाहावे.