नॅरोबोटवर सहकुटुंब सुट्टी: आम्ही केलेल्या या चुका टाळा

बाबा उमेदीच्या काळात भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायचे. त्यामुळे इंग्लंड-वेल्समधल्या लँगोलेन कालव्यावर आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांबट अरुंद बोट, भाड्याने घ्यायची ठरलं, तेव्हा "बोटीचं मला शिकवू नका" हे त्यांनी मुलुंडच्या घरीच जाहीर केलं. ती चालवायला लायसन्स लागत नाही, हे कळल्यावर तर विचारूच नका. बोट देणारा माणूस माहिती देत होता तेव्हा बाबा फोटो काढत होते. दहाव्या मिनिटाला आम्ही काठावरच्या झुडपात.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. शिवाय ती कमरेत फिरते. नाक इकडे, तर शेपूट तिकडे. पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) थांबला की वळणंही जवळपास बंद. गाळात रुतलात तर पुढे रेटू नका. रिव्हर्स टाका, सगळ्यांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा आणि बोटीवरच्या लांब काठीने ढकला. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे व्हायचं.

वेळापत्रकाची चूक माझी. मी घरी बसून नकाशावर मैल मोजले. इथे वेगमर्यादा ताशी 4 मैल, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू. साधा हिशेब असा: मैल अधिक लॉक (दोन्हीकडे दरवाजे असलेला, पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा हौद), भागिले 3, येतील तेवढे तास. या कालव्यात डी नदीचं पाणी येतं आणि वाहतं, म्हणून लँगोलेन गावाकडे, प्रवाहाच्या उलट जाताना जास्तच वेळ धरा.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे लॉक. खाली उतरताना मागच्या दरवाजापाशी पाण्याखाली एक उंबरठा असतो, आधी तो दिसत नाही. काठावर त्याची खूण रंगवलेली असते. बोटीची शेपटी तिच्या पुढेच हवी. नाहीतर पाणी उतरतं, शेपूट वर अडकते आणि नाक पाण्यात जातं. आमचं वेगळंच झालं. न्यू मार्टनच्या लॉकमध्ये मी दोराला पक्की गाठ मारली, कौतुकाने. पाणी उतरलं, दोर ताणला गेला, बोट कलली आणि ओट्यावरचा पोह्यांचा डबा घरंगळत दारापर्यंत आला. अशा वेळी खालच्या दरवाजाकडच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा ताबडतोब बंद करायच्या, मग वरच्या दरवाजाकडच्या हळूहळू उघडून पाणी परत भरायचं. दोर खुंट्याला नुसता वेढा देऊन हातात धरायचा, गाठ नाही.

इंजिन धापा टाकायला लागलं आणि बोट पुढे सरकेना, तर पंख्यात काहीतरी गुंतलंय समजा. आमच्याकडे ती आईची छतावर वाळत घातलेली ओढणी निघाली. इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला, मागचं झाकण उघडून कापून काढा. झाकण परत घट्ट बसवल्याशिवाय इंजिन लावू नका, पाणी आत येऊन बोट बुडू शकते.

बोट जेमतेम 7 फूट रुंद, तेव्हा मोठ्या सूटकेसऐवजी घडी होणाऱ्या बॅगा घ्या. थंडी वाजते म्हणून हवेच्या जाळ्यांत कपडे कोंबू नका. गॅस आणि शेगडीचा विषारी वायू आत कोंडतो.

आणि पाँटकसिल्टेचा, कालवाच दरीवरून नेणारा 1805 सालचा जलसेतू. दरीपासून 38 मीटर उंच, एका बाजूला कठडाच नाही. तिथे मुलांना आत बसवा. आमचे बाबाही आत गेले, चहा टाकतो म्हणाले.