सर्व्हर बदलायचाय? त्याआधी एवढं उरकून घ्या

नवा सर्व्हर खोक्यातून काढून जागेवर बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. जड जातं ते जुन्या सर्व्हरच्या जिवावर ऑफिसात काय काय चाललंय हे शोधून काढणं, कारण ते कुठेच लिहिलेलं नसतं. भोसरीसारख्या ठिकाणचं पंचवीस-तीस माणसांचं मशीन शॉप डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. विंडोज सर्व्हर २०१२ आर२, त्यावर टॅली, ड्रॉइंगचं सामायिक फोल्डर, हजेरीचं सॉफ्टवेअर आणि ‘असू दे, कधीतरी लागतं’ म्हणून राहिलेलं बरंच काही. या विंडोजचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला, त्यामुळे यंत्र धडधाकट असलं तरी ते बदलणं आलंच.

पहिलं काम म्हणजे वही घेऊन ऑफिसभर फिरणं. ‘सर्व्हरवर काय वापरता?’ असं विचारू नका; ‘काही नाही हो, फक्त टॅली’ हेच उत्तर मिळतं. सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय उघडता, महिनाअखेरीला काय उघडता, कोणती गोष्ट बंद पडली तर मालकांचा फोन येतो, असं विचारा. मग अकाउंटच्या मॅडमची कॉस्टिंगची एक्सेल निघते. ती दुसऱ्या चार एक्सेलमधून आकडे ओढत असते आणि त्या जोडण्यांमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव जसंच्या तसं बसलेलं असतं. गेटवरच्या हजेरीच्या मशीनमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता कुणीतरी बोटाने टाकलेला असतो आणि त्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो. डिस्पॅचचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सर्व्हरवरून शेअर केलेला असतो. स्टोअरच्या काकांना विचारायला विसरू नका. त्यांच्या संगणकावरचा एखादा शॉर्टकट असा असतो, की त्याच्यामागे काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं, पण तो रोज चालवल्याशिवाय मटेरियल आत येत नाही.

या फेरीत सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते जुन्या उपकरणांकडे. सीएनसीशेजारचा एक्सपीवाला संगणक आणि फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारं जुनं झेरॉक्स मशीन बहुतेक वेळा एसएमबीच्या (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याच्या विंडोजच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीवरच बोलतं. विंडोज सर्व्हर २०१९ पासून पुढे ती आवृत्ती मुळात बसवलेलीच नसते. ती चालू करता येते, पण करू नये. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दरवाजातून पसरला होता. स्कॅनरला एफटीपी किंवा मेलचा पर्याय असेल तर तो लावावा. सीएनसीचे प्रोग्रॅम एखाद्या वेगळ्या साध्या संगणकावरून द्यावेत, आणि त्या संगणकाला बाकीच्या नेटवर्कशी फारसा संबंध ठेवू देऊ नये. हे सगळं बदलाच्या दिवशी सुचून उपयोग नाही, आधी करून पाहायचं.

मग जुन्या सर्व्हरवर बसा. शेअर केलेल्या फोल्डरांची यादी काढा, आणि कोणाला काय परवानगी आहे ते शेअरच्या आणि फाइल सिस्टिमच्या अशा दोन्ही ठिकाणी बघा, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टास्क शेड्युलर उघडून रात्री काय काय चालतं ते लिहा, कोणती सर्व्हिस कोणाच्या नावाने चालते तेही लिहा. ऑफिसातल्या जुन्या माणसाच्या खात्यावर एखादी सर्व्हिस चालत असते, आणि नेमकं ते खातं ‘साफसफाई’ म्हणून कुणीतरी बंद करतं. सर्व्हरच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. कोणती वायर कुठे आहे हे त्यात दिसतंच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे लावलेले डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या यूएसबीच्या छोट्या चाव्या. पगाराचं सॉफ्टवेअर, कॅडचं सॉफ्टवेअर, कुठे श्रीलिपीचं जुनं लॉक. नवा सर्व्हर हायपर-व्हीवर (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) आभासी करायचा विचार असेल तर इथेच थांबून विचार करा, कारण हायपर-व्ही यूएसबीचं डोंगल आतल्या यंत्राला सरळ देत नाही.

मराठी पत्रव्यवहार असलेल्या ऑफिसात आणखी एक गोष्ट असते, जी इंग्रजी याद्यांमध्ये सापडणार नाही. ग्रामपंचायतीला, एमआयडीसीला, माथाडी मंडळाला गेलेली पंधरा वर्षांची पत्रं श्रीलिपीच्या किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखच्या जमान्यातली असतात, युनिकोडमधली नव्हे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. म्हणून फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, आणि महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफ जुन्या यंत्रावरच करून घ्या. जाता जाता ‘नवीन फोल्डर’च्या आत ‘नवीन फोल्डर’ करत कोण किती खोल गेलंय तेही बघा. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेलेल्या फाइली नेहमीच्या पद्धतीने कॉपी करताना हमखास अडतात.

लायसन्सचं प्रकरण. जुन्या यंत्राबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्या यंत्राबरोबरच संपतं, ते नव्यावर चालवायचं नसतं. नव्या आवृत्तीला नवे कॅलही (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा संगणकाचं लायसन्स) लागतात. २०१२ चे कॅल २०२२ ला चालत नाहीत. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर व्हेंडरला आधीच विचारा, नाहीतर अर्ध्या कामात मालकांकडे जादा पैसे मागायची वेळ येते. टॅलीचं लायसन्स जुन्या यंत्रावरून सरेंडर करून मगच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं, आणि त्यासाठी इंटरनेट चालू लागतं. खरी गोम इथे ईमेलमध्ये असते. अनलॉक की ज्या मेलवर येते तो मेल आठ वर्षांपूर्वीच्या अकाउंटंटचा नाहीतर विकणाऱ्या पार्टनरचा असतो. आठवडाभर आधी त्या खात्यात लॉगिन होतंय का ते बघा. होत नसेल तर बदलाची तारीखच पुढे ढकला.

तारखेबद्दल. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. म्हणजे २१ ते २६ ही खिडकी, तीही मार्च आणि सप्टेंबर सोडून. पिंपरी-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून सगळ्यांना गुरुवार सोयीचा वाटतो. पण महावितरणचं देखभालीचं शटडाउनही गुरुवारीच असतं. माझं मत विचाराल तर बुधवारी संध्याकाळी सुरुवात करावी, गुरुवार हातात ठेवावा आणि शटडाउनची वेळ आधी विचारून घ्यावी. मालकांना हा बदल सुट्टीतच करून घ्यायचाय ना, मग शुक्रवारी सकाळी दोन तास उशीर होऊ शकतो हेही त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्यावं.

विजेकडे कुणी बघत नाही. यूपीएसवरचा आकडा व्हीएमध्ये असतो आणि सर्व्हरचा खप वॅटमध्ये. दोन्ही एकच धरून हिशोब करू नका. बॅटऱ्या दोन-तीन वर्षं जुन्या असतील तर आत्ताच बदला. इलेक्ट्रिशियनला बोलावून सर्व्हरच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीनच्या वर जात असेल तर अर्थिंगचा खड्डा आधी नीट करा, मग यंत्र लावा. नवं यंत्र आलं की खोक्यावरचे आणि बिलावरचे सिरियल नंबर जुळवा, फर्मवेअर अद्ययावत करा आणि मेमरीची चाचणी लावून दोन-तीन दिवस नुसतं चालू ठेवा. नव्या यंत्रातला दोष निघायचा तर बहुधा याच काळात निघतो, आणि तेव्हा त्यावर कुणाचा डेटा नसतो.

बॅकअप आहे असं सगळेच सांगतात. तो उघडून दाखवा म्हटलं की शांतता पसरते. रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या चालवणं, हा बॅकअप नव्हे, आणि जुन्या रेडच्या डिस्क उचलून नव्या कंट्रोलरला लावल्या की चालतील हा भरवसाही धरू नका. संपूर्ण सर्व्हरची इमेज एका बाहेरच्या डिस्कवर घ्या, डेटाची वेगळी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि त्यातली एक ऑफिसबाहेर मालकांच्या घरी ठेवा. त्या प्रतीतून टॅलीची एक कंपनी आणि ड्रॉइंगचं एक फोल्डर तिसऱ्याच संगणकावर परत आणून दाखवा. हे होईपर्यंत जुना सर्व्हर रीस्टार्टही करू नका. वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच असं नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. तेव्हा जुन्या वर्षांच्या कंपन्या ‘आता कशाला’ म्हणून मागे सोडू नका.

डोमेन, म्हणजे सगळ्यांची लॉगिन्स सर्व्हरवरून एकत्र सांभाळायची व्यवस्था, असेल तर आणखी एक तपासणी. फार पूर्वी २००३ च्या काळात उभं केलेलं डोमेन अजून जुन्या एफआरएस पद्धतीने सिसव्हॉल (डोमेनच्या नियमांचं सामायिक फोल्डर) पाठवत असेल, तर २०१९ किंवा २०२२ चा नवा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) त्यात येणारच नाही. आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर यावं लागतं. आणि थेट २०२५ घेतलं असेल तर डोमेनची पातळी किमान २०१६ ची लागते, जी २०१२ आर२ चा कंट्रोलर आत असेपर्यंत गाठता येत नाही, म्हणजे मधे एक मुक्काम आलाच. माझ्या मते अशा ऑफिसाला २०२२ पुरे. नव्याला कंट्रोलर करा, डोमेनच्या पाचही खास भूमिका (एफएसएमओ) त्याच्याकडे हलवा, डीएचसीपीतून (संगणकांना आपोआप आयपी पत्ते देणारी सेवा) वाटला जाणारा डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता शोधणारी सेवा) पत्ता बदला आणि दोघांची घड्याळं जुळलेली आहेत ना ते बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन अडतं, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

फाइली दोनदा कॉपी करायच्या. पहिली मोठी कॉपी आठवडाभर आधी, लोक काम करत असतानाच. दुसरी फक्त बदललेल्या फाइलींची, बुधवारी सगळे बाहेर पडल्यावर. विंडोजमधली रोबोकॉपी ही कमांड यासाठी उत्तम. पण तिला काही सांगितलं नाही तर अडकलेली एक फाइल ती दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा, पुन्हा मागत बसते. म्हणून प्रयत्न दोन आणि थांबा पाच सेकंद असं स्पष्ट लिहा, परवानग्यांसकट कॉपी करायला सांगा आणि लॉग फाइल काढा. मिररचा पर्याय वापरताना कोणती बाजू जुनी आणि कोणती नवी हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. उलटं लिहिलं तर रिकाम्या नव्या डिस्कप्रमाणे जुनी डिस्क रिकामी होते. दुसऱ्या कॉपीआधी सर्व्हरवर उघड्या फाइलींची यादी बघा. टॅली कुणाच्याही संगणकावर उघडं असताना डेटा उचलायचा नाही.

बदलाच्या रात्री फक्त यंत्र बदलायचं. ‘त्याच हाताने’ टॅलीची आवृत्ती वाढवणं, फोल्डरांची नवी रचना करणं, पासवर्डचे नवे नियम लावणं हे सगळं पंधरा दिवसांनी. यामागे कारण आहे. टॅलीचा डेटा नव्या आवृत्तीत रूपांतरित झाला की जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत चढत नाही. मागे फिरायची वेळ आली तर ती वाट आपणच बंद केलेली असते. हजेरीच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस एसक्यूएलवर असेल तर त्याची लॉगिन्स डेटाबेसबरोबर येत नाहीत, ती मास्टर नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. ती वेगळी उतरवून घ्या. हे सॉफ्टवेअरच नव्या एसक्यूएलशिवाय चालणार नसेल, तर ते बसवण्याआधी त्याच्या व्हेंडरचा माणूस फोनवर मिळेल याची खात्री करा.

परत फिरण्याची वेळ कागदावर लिहून मालकांची सही घ्या: गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत टॅली आणि ड्रॉइंग चालू झालं नाही तर जुना सर्व्हर पुन्हा चालू. अशा वेळी टॅलीचं लायसन्सही पुन्हा जुन्यावर आणावं लागेल, तो वेळ यात धरा. पाचनंतर ‘आता झालंच’ हे वाक्य ऐकायचं नाही. शुक्रवारी नव्या सर्व्हरवर पहिलं बिल निघालं की गोष्ट बदलते. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ते बिल ई-इनव्हॉइस म्हणून पोर्टलवर नोंदलं जातं आणि तिथून ते २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. जुन्या डेटावर परतलात तर पोर्टलवर बिल आहे आणि पुस्तकात नाही, अशी अवस्था होते. म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक व्हाउचरची छापील प्रत ठेवा.

चालू झालं हे आपण ठरवायचं नाही. टॅलीत प्रत्येक कंपनीचा स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट, ट्रायल बॅलन्स आणि क्लोजिंग स्टॉक जुन्या यंत्रावर आधीच छापून ठेवा. नव्यावर तेच काढा आणि अकाउंटच्या मॅडमना दोन्ही कागद शेजारी ठेवून टिक करू द्या. बाकी ज्याची गोष्ट त्यानेच बघायची: काकांनी जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) करायचा, गेटवर एकाने बोट लावायचं, डिझाइनच्या मुलाने सगळ्यात जड असेंब्ली उघडायची, डिस्पॅचने चलन छापायचं. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे नाव आणि सही.

जुना सर्व्हर नेटवर्कमधून काढून, बंद करून महिनाभर तसाच ठेवा, म्हणजे एक ३बी आणि एक पगार नव्यावरून जाऊन होतो. त्याआधी डोमेनमधून त्याला रीतसर उतरवायला विसरू नका. नंतर डिस्क काढून त्या पुसा किंवा भोक पाडून निकामी करा, भंगारवाल्याला यंत्रासकट देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत, तेव्हा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या आणि त्याची पावती अकाउंटला पोचवा. मालमत्ता रजिस्टरमधली जुनी नोंद काढताना ऑडिटर ती मागतात. नव्या सर्व्हरची नोंद करताना ‘वापरात आल्याची तारीख’ही तिथेच लिहून टाका, कारण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर आयकरात घसारा निम्माच मिळतो.