सफरचंद किती टिकणार ते तोडणीच्या दिवशीच ठरतं

तोडणी जवळ आली की सगळ्यांचे प्रश्न सुरू होतात, क्रेट प्लास्टिकचा घ्यावा का लाकडी, खाली कागद घालायचा का पेंढा, कुठली खोली बरी. अहो ते नंतर बघू. फळ झाडावरनं कधी काढलं आणि कसं काढलं, टिकण्याचं निम्मं गणित तिथंच संपतं, त्यानंतर कितीही भारी कोल्ड स्टोरेजला टाका, उशिरा काढलेलं फळ काही परत कोवळं होत नाही. गारव्यात फळ सुधारत नसतं, फक्त त्याचं म्हातारपण लांबणीवर पडतं.

पहिली गोष्ट, लाल रंग बघून तोडू नका. लाली ऊन किती लागलं, रात्री किती गार होत्या आणि वाण कुठलं यावर असते, काही वाणं तर आत पूर्ण कच्ची असताना बाहेरून लालबुंद दिसतात. बघायचा तो लालीच्या मागचा रंग. देठाजवळ खड्डा असतो ना, तिथं आणि सावलीच्या बाजूला बघा, गडद हिरवा जाऊन फिका पिवळट यायला लागला की वेळ जवळ आली. बी तपकिरी झालंय का ते पण बघतात, पण लवकर येणाऱ्या वाणांत बी फसवतं, एकट्या बियांवर विसंबू नका.

मला सगळ्यात खात्रीची वाटते ती आयोडीनची टेस्ट. 8.8 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या कोमट पाण्यात विरघळवायचं, त्यात 2.2 ग्रॅम आयोडीन टाकून ढवळायचं आणि पाणी घालून एक लिटर करायचं, बाटली काळी घ्या, उजेडात ते खराब होतं. वेगवेगळ्या झाडांवरची आठ दहा फळं आडवी मधोमध कापा आणि कापलेली बाजू त्यात बुडवून मिनिटभर थांबा. स्टार्च असेल तिथं गर निळा काळा पडतो आणि साखर झाली असेल तिथं पांढराच राहतो. कच्चं फळ सगळंच काळं होतं. मग दिवसागणिक बियांच्या भोवतीनं पांढरं फुटायला लागतं, आधी मधे चांदणीसारखं आणि मग सालीकडे सरकत जातं. गाभा पांढरा झालाय पण बाहेरचा गर अजून बऱ्यापैकी काळा आहे, अशा वेळी साठवणीचं फळ काढायचं. जवळपास सगळं पांढरं दिसलं तर ते लगेच खायचं विकायचं फळ, ते ठेवायच्या भानगडीत पडू नका. वाणावाणात फरक पडतो म्हणून आपल्या वाणाचा चार्ट मिळाला तर तोच धरा. आणि टेस्टची फळं फेकून द्यायची, खायची नाहीत, जनावरांपुढे पण टाकायची नाहीत.

तोडताना फळ तळहातात घ्या, वर उचला आणि जरासं फिरवा, देठासकट अलगद सुटलं पाहिजे. ओढून काढलं की देठ तुटतो नाहीतर पुढच्या वर्षीचा डोळा असलेली ती आखूड काडीच मोडून येते, म्हणजे दोन्हीकडनं नुकसान. सगळं झाड एकाच दिवशी झाडून घेऊ नका, वरची आणि बाहेरची फळं आधी तयार होतात, दोन तीन वेळा फिरावं लागतं, मजुरी वाढते हे खरंय पण माल एकसारखा मिळतो. दव सुकल्यावर सकाळच्या गारव्यात तोडा, नखं कापलेली असू द्या (हसू नका, नखाची खूण म्हणजे बुरशीला उघडं दारच) आणि पिशवी क्रेटमध्ये ओतू नका, क्रेटच्या तळाला टेकवून हळूच रिकामी करा. मार लागलेला त्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तिथं तपकिरी डाग उमटतो.

आता प्रतवारी, ती त्याच दिवशी करायची. साठवणीला मध्यम आकाराची, देठवाली, एक ओरखडा नसलेली फळं. मोठी मोठी फळं बघून मोह होतो पण ती ठेवू नका. मोठ्या फळात गराच्या मानानं कॅल्शियम कमी पडतं आणि साठवणीत सालीखाली तपकिरी कडवट खड्डे येतात, त्यालाच बिटर पिट म्हणतात. झाडावर फळं थोडी लागली असतील किंवा नत्र जास्त झालं असेल तर हमखास. कॅल्शियमचे स्प्रे फळ वाढत असताना मारायचे असतात, आता तोडणीच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. तसंच एखादं फळ कापल्यावर आत काचेसारखा पारदर्शक भाग दिसला तर तो वॉटर कोअर, असलं फळ गोड असतं पण जास्त असेल तर पुढं आतून तपकिरी पडतं, लवकर संपवा.

खाली पडलेली फळं वेगळी ठेवा, त्यांचा कच्चा ज्यूस काढू नका, बागेत शेणखत असेल जनावरं फिरत असतील तर अजिबात नको. आणि सडकं फळ, थोडंसंच सडलंय म्हणून तेवढं कापून बाकीचं शिजवायला घ्यायची सवय असेल तर सोडा. निळ्या बुरशीमुळे पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं, ते उकळल्यानं जात नाही. सफरचंदाच्या ज्यूसमध्ये त्याची मर्यादा किलोला 50 मायक्रोग्रॅम इतकी बारीक धरलीय, यावरून समजा.

साठवणीला 0 ते 1 अंश सेल्सिअस आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता. तोडल्यावर जितक्या लवकर गार कराल तितकं चांगलं, घरातल्या उबेत फळ कितीतरी पटीनं लवकर मऊ पडतं, उन्हात क्रेट ठेवून जेवायला गेलात तर तिथंच आठवडे गेले समजा. अपवाद हनीक्रिस्प या वाणाचा, त्याला एकदम गार चालत नाही, आधी आठवडाभर 10 अंशाला ठेवून मग 3 अंशाला न्यायचं. साधारण उणे 2 च्या आसपास फळ गोठतं, कधी गोठलंच तर वितळेपर्यंत हात लावू नका, दाबलं की काळं पडतं. हवा कोरडी असेल तर फळ सुरकुततं, गोल्डन डेलिशस सगळ्यात आधी. घरी फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर भोकं पाडलेल्या पिशवीत, भाजीच्या कप्प्यात, पण पालेभाजी आणि गाजरं तिथनं काढा, सफरचंदातनं इथिलीन गॅस निघतो, त्यानं पानं पिवळी पडतात आणि गाजर कडू होतं.

दर आठवड्याला क्रेट वरखाली करा. मी एकदा कंटाळा केला, एक खरचटलेलं फळ मधे राहून गेलं होतं आणि तीन आठवड्यांनी बघतोय तर ते मऊ पाणीदार झालेलं, वर निळसर हिरवी भुकटी, आणि त्याला चिकटून असलेली सगळी गेलेली. तेव्हापासून चांगली फळं कागदात एकेकटी गुंडाळतो. मॅकिन्टॉश आणि गाला आधी संपवा, गाला साध्या कोल्ड स्टोरेजला दोन तीन महिने बरा राहतो. फुजी, ग्रॅनी स्मिथ, पिंक लेडी मागं ठेवा.

उरलेलं स्वयंपाकघरात. फोडी अख्ख्या राहायला हव्या असतील, म्हणजे बेक बिक करायचं असेल तर ग्रॅनी स्मिथ किंवा गोल्डन डेलिशस, आणि सॉस करायचा तर ब्रॅम्ली किंवा मॅकिन्टॉश, ती शिजली की आपोआप विरघळतात. रेड डेलिशस शिजवायच्या फंदात पडू नका, फिकं लागतं. साखरेची एक गंमत आहे, आधी घातली तर फोडी टणक राहतात, म्हणून सॉसला साखर शेवटी आणि फोडींना सुरुवातीला. सॉससाठी साल काढत बसू नका, पेक्टिन (ज्यानं सॉस, जेली घट्ट होते ते) सालीत आणि गाभ्यातच जास्त असतं, बिया तेवढ्या काढा, तळाला थोडं पाणी, झाकण ठेवून मंद आच आणि मऊ झालं की चाळणीतनं दाबून काढा. सुरकुतलेली फळं इथं मस्त खपतात. जेलीला मात्र थोडी कच्चीच फळं घ्या, पेक्टिन त्यांच्यात जास्त.

वाळवायचं असेल तर 5 ते 6 मिलिमीटरच्या चकत्या, लिंबाच्या पाण्यातनं काढून 57 ते 60 अंशाला, चामड्यासारख्या वाकल्या आणि फाडल्यावर ओल दिसली नाही की झालं. सॉस बाटलीत भरायचा तर गरमच भरा आणि बाटल्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून अर्ध्या लिटरच्या 15 मिनिटं, लिटरच्या 20 मिनिटं ठेवा, 300 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर वेळ वाढवावा लागतो. एवढा खटाटोप नको असेल तर गार करून डब्यात भरा आणि फ्रीजरला टाका, फक्त वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना सॉस फुगतो आणि झाकण उडतं.