एक्सप्लोड शब्द वापरताना या चुका टाळा

कुठे गॅसचा स्फोट झाला की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, 'सिलिंडर ब्लास्टेड'. ब्लास्ट शब्द आपल्या बोलण्यात एवढा मुरलाय की तो चुकतोय असं वाटतच नाही. नाम म्हणून तो बरोबरच आहे, 'देअर वॉज अ ब्लास्ट' बिनधास्त लिहा, पण क्रियापद म्हणून ब्लास्ट करणं म्हणजे मुख्यतः सुरुंग लावून खडक वगैरे उडवणं, त्यामुळे सिलिंडर आपणहून ब्लास्ट होत नाही, तो एक्सप्लोड होतो. आणि 'वी हॅड अ ब्लास्ट' म्हणजे तर आम्ही जाम धमाल केली, त्यामुळे अपघाताबद्दल लिहिताना ही रचना चुकूनसुद्धा नको.

'बॉम्ब गॉट एक्सप्लोडेड' हेही सर्रास दिसतं. तो गॉट काढून टाका, 'द बॉम्ब एक्सप्लोडेड' एवढंच पुरतं. कोणी मुद्दाम स्फोट घडवला असेल तर करणाऱ्याचं नाव पुढे येतं, म्हणजे १८ मे १९७४ च्या पोखरणबद्दल 'इंडिया एक्सप्लोडेड अ न्यूक्लिअर डिव्हाइस' हे अगदी शुद्ध वाक्य आहे.

खरा घोळ होतो तो आपल्या 'फुटणे'मुळे. मराठीत काय काय फुटतं बघा: काच फुटते, टायर फुटतो, पेपर फुटतो, आमदार फुटतात, बिंग फुटतं, घाम फुटतो, झाडाला पालवी फुटते, आणि या सगळ्याला डोक्यात एकच इंग्रजी शब्द धरून बसलं की वाक्य हमखास गंडतं. काच ब्रेक होते, टायर आणि पाण्याचा पाइप बर्स्ट होतो, पेपर लीक होतो, आमदार डिफेक्ट करतात, रडू फुटलं की 'बर्स्ट इंटू टिअर्स', ज्वालामुखीचा उद्रेक झाला की इरप्ट. फटाक्यांचं जरा वेगळं आहे. 'वी बर्स्ट क्रॅकर्स' भारतात सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना 'सेट ऑफ' किंवा 'लेट ऑफ' म्हणा.

आता सगळ्यात फसवी चूक, इथे चांगले चांगले वाचणारे अडकतात. 'धिस मिथ वॉज एक्सप्लोडेड लाँग अगो' असं वाक्य आलं की पुष्कळांना वाटतं, हा गैरसमज झपाट्याने पसरला. कारण 'पॉप्युलेशन एक्सप्लोडेड' म्हणजे लोकसंख्या भरमसाट वाढली हे शाळेपासून डोक्यात बसलंय. पण एखादी समजूत किंवा थिअरी एक्सप्लोड केली म्हणजे ती खोटी ठरवून मोडीत काढली, एकदम उलटा अर्थ! परीक्षेतल्या उताऱ्यात हे वाक्य आलं आणि अर्थ उलटा लागला तर पुढची सगळी उत्तरं चुकणार.

हा अर्थ आला कुठून ते एकदा कळलं की परत विसरायला होत नाही. लॅटिनमध्ये 'प्लाउडेरे' म्हणजे टाळ्या वाजवणं, त्याच्याआधी 'एक्स' म्हणजे बाहेर हे लागून 'एक्सप्लोडेरे' झालं. रोमन नाटकात नट आवडला नाही की प्रेक्षक टाळ्या पिटून, गलका करून त्याला स्टेजवरून घालवून द्यायचे, आपण हुर्यो उडवतो ना, तसंच. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तोही याच अर्थाने, तिरस्काराने झिडकारणं. १७५५ च्या सॅम्युएल जॉन्सनच्या डिक्शनरीत पहिला अर्थ हाच आहे, आणि दुसरा, आवाज करत जोराने बाहेर फेकणं. या दुसऱ्यातूनच पुढे दारूगोळ्याचा स्फोट आला, भरमसाट वाढीचा अर्थ तर विसाव्या शतकातला. म्हणजे मिथ एक्सप्लोड करणं हा कुणी नवीन काढलेला अलंकार नाही, तो त्या शब्दाचा जुना, मूळचा अर्थ टिकून राहिलाय. अप्लॉज आणि प्लॉझिबल हेही त्याच टाळीचे नातेवाईक, प्लॉझिबल म्हणजे मुळात टाळ्या मिळवण्याजोगं. मला तर हे फार आवडतं, एकाच टाळीतून शाबासकीही निघाली आणि हकालपट्टीही.

डेटोनेट मात्र वेगळ्या घरचा, 'टोनारे' म्हणजे मेघगर्जना होणं, त्यावरून आलेला. बॉम्ब डेटोनेट होतो, पण कुकर किंवा बॉयलर फक्त एक्सप्लोड होतो, कारण डेटोनेशनमध्ये स्फोटाची लाट त्या पदार्थातून आवाजापेक्षाही वेगाने जाते आणि बॉयलरमध्ये तसलं काही नसतं, आत दाबलेली वाफ भांडं फोडून बाहेर पडते.

आग आणि स्फोट एकात घालू नका. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टायकिन' जहाजावर आधी आग लागली, त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही, आणि आग आटोक्यात येईना तेव्हा दुपारी चारच्या सुमारास जहाज एक्सप्लोड झालं. म्हणजे आधी 'कॉट फायर', मग 'एक्सप्लोडेड'. मोबाइलमधून नुसता धूर आला असेल तर 'माय फोन एक्सप्लोडेड' लिहू नका. इन्शुरन्सच्या क्लेममध्ये तर हे फार जपून लिहा, कारण पॉलिसीत आग आणि एक्स्प्लोजन वेगवेगळे लिहिलेले असतात, बऱ्याचदा सोबत इम्प्लोजनही, म्हणजे बाहेरच्या दाबाने आत चेपलं जाणं.

राहिला उच्चार. एक्सप्लोशन नाही, एक्सप्लोझन, झ स्पष्ट आला पाहिजे. इरोडचं इरोझन, करोडचं करोझन, तसंच हे.