साइड स्टँडच्या या चुका टाळा: ऑफरोड गाडी घेतलेल्या प्रत्येकासाठी

ऑफरोड गाडी घेताना माणूस सगळं बघतो. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल किती, पुढचं चाक २१ इंची की १९, सायलेन्सर वर आहे की खाली. साइड स्टँडकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात गाडी आडवी होते, तीही चालवताना नाही, बाजूला उभं राहून चहा पिताना.

कंपन्यांचा दोष आहेच, तो आधी सांगून टाकतो. जाहिरातीत गाडी ओढ्यातून उडत असते आणि स्टँडच्या खाली पाऊल बघावं तर काडेपेटीएवढं. शोरूमच्या फरशीवर ते मस्त उभं राहतं. काही गाड्यांना तर स्टँड फूटरेस्टच्या इतका मागे आणि आत दडवलेला असतो, की जाड बुटाच्या टाचेला तो सापडतच नाही. काहींना स्टँड उघडायची खुंटी एवढी बाहेर येते की करवंदीच्या जाळीतून जाताना फांदीत अडकून चालत्या गाडीचा स्टँड खाली यावा. हे कंपनीने निस्तरायचं. पण मी दर पावसाळ्यात ज्या पडलेल्या गाड्या उचलू लागतो, त्यातल्या बहुतेक मालकाच्या घाईमुळे पडलेल्या असतात.

मऊ जमिनीवर नुसता स्टँड लावणे

गाडी स्टँडवर लावली की लगेच पडत नाही, खरी गोम तिथेच आहे. लगेच पडली असती तर माणूस सावध झाला असता. पाऊल आधी बोटभर रुततं. गाडी थोडी आणखी डावीकडे झुकते. झुकली की स्टँडवरचा भार वाढतो, भार वाढला की पाऊल आणखी रुततं. पाच-दहा मिनिटं हे गुपचूप चालू राहतं आणि शेवटी एकदम धाड.

वेल्ह्याच्या पुढची गोष्ट. जुलै, लावणीचे दिवस, रस्त्याच्या कडेची माती पार लोण्यासारखी झालेली. टपरीसमोर आम्ही गाड्या लावल्या. आमच्यात एक नवा मुलगा होता, नवी कोरी गाडी, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. त्याला सांगितलं, खाली काहीतरी ठेव रे. "उभी आहे ना दादा," म्हणाला आणि भज्यांच्या प्लेटकडे गेला. त्याच्या डावीकडे दुसऱ्याची गाडी, तिच्या डावीकडे तिसरी, तिघांमध्ये हातभर अंतर. चहा अर्धा संपला असेल. त्याची गाडी पडली ती शेजारच्या गाडीवर, ती कलली तिसरीवर. तिसरीच्या स्टँडखाली मालकाने फरशीचा तुकडा ठेवला होता म्हणून ती तेवढी टिकली. नव्या गाडीचा क्लच लिव्हर मधोमध तुटला, गिअरचं पायडल वाकून इंजिनच्या कव्हरला टेकलं. स्पेअर लिव्हर? कुठला असणार! दोन हजारांचा मोबाइल माउंट होता, शे-दोनशेचा लिव्हर नव्हता. उरलेल्या थोटकावर व्हाइस ग्रिप पकड आवळून पोरगा पुण्यापर्यंत आला. पायडल पाइप घालून सरळ केलं.

उपाय अगदी साधा आहे. माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या जुन्या नायलॉनच्या चॉपिंग बोर्डचा तळहाताएवढा कापलेला तुकडा असतो. एका कोपऱ्याला भोक पाडून त्यात दोरी ओवलेली आणि दोरीचं दुसरं टोक गाडी उभी केली की हँडलला अडकवतो. निघताना न वाकता दोरी ओढली की तुकडा हातात. दोरी नसेल तर तुकडा तिथेच राहतो, हे लिहून घ्या. तुकडा नसेल तर चपटा दगड शोधा, पण जांभ्याचा घेऊ नका, ओला असेल तर फुटतो. कोल्ड्रिंकचा कॅन चेपून चालतो. आमच्यातला एक जण दर वेळी स्वतःची चप्पल ठेवायचा आणि एका पायाने लंगडत चहा आणायचा. हसू यायचं, पण त्याची गाडी कधी पडली नाही.

ज्यांना वाटतं हे सगळं चिखलापुरतं आहे, त्यांनी मे महिन्यात दुपारी नागपूर-चंद्रपूरकडे डांबरावर गाडी उभी करून बघावी. तिथेही स्टँड रुततो.

कायमचा उपाय म्हणून स्टँडच्या पावलाखाली मोठी पट्टी बसवतात. चांगलं आहे, पण तव्याएवढी नको. पाऊल जितकं रुंद, तितकं ते डाव्या वळणात खाली घासणार आणि वाटेतल्या दगडांना अडकणार. कडा गोल करा, पुढची कड किंचित वर वळवा. बोल्टने बसणारी तयार पट्टी घेतलीत तर बोल्टना लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावा, नाहीतर कच्च्या रस्त्याच्या थरथरीने ती कुठे गळून पडली ते कळणारही नाही.

सस्पेन्शन बदललं, स्टँड तोच

हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. स्टँडची लांबी गाडीच्या उंचीशी बांधलेली असते. गाडी उंच केली, म्हणजे मागचा शॉक बदलला, लिंक (शॉक आणि मागच्या चाकाला जोडणारा सांधा) बदलली, प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवला किंवा मोठा टायर टाकला, तर जुना स्टँड तोकडा पडतो आणि गाडी डावीकडे फारच झुकते. उंची कमी केली तर उलटं. स्टँड लांब होतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने किंवा कुणाचा धक्का लागून उजवीकडे जाते.

हीरो कंपनीने एक्सपल्स २०० ४व्ही या ऑफरोड गाडीचं उदाहरण डोळ्यांसमोरच ठेवलंय. साध्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची, २२० मिलिमीटर, तिच्याच उंच 'प्रो' मॉडेलचा २७०, आणि त्या ५० मिलिमीटरसाठी कंपनीला स्टँडही लांब द्यावा लागला. आपला भाऊ मात्र बाहेरून शॉक आणून घरीच बसवतो, रीलमध्ये "लिफ्टेड" लिहितो आणि मग विचारतो की दादा, गाडी स्टँडवर झोपल्यासारखी का दिसते?

सामानाचंही तेच. मागे २०-२५ किलो बांधलं की मागचा शॉक दबतो, गाडी खाली बसते आणि स्टँड आपोआप लांब झाल्यासारखा होतो. घरी रिकामी गाडी छान झुकून उभी राहते आणि तंबू-स्टोव्ह लादलेली गाडी कॅम्पवर उजवीकडे कोसळते, ती यामुळे. म्हणून स्टँडचं माप घ्यायचं ते सपाट जमिनीवर आणि नेहमीचं सामान बांधून. एकाने गाडी हवी तेवढी झुकवून धरायची, दुसऱ्याने स्टँडच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. मला किंचित जास्त झुकलेली गाडी चालते, कारण उजवीकडे पडणारी गाडी ब्रेकचं पायडल आणि सायलेन्सर घेऊनच पडते.

आता वेल्डिंग. लोक स्टँड मधून कापतात, तुकडा जोडतात, वरून डाग मारतात आणि वर काळा स्प्रे. तो सांधा सहा महिन्यांत तुटतो. तुकडा जोडायचाच असेल तर आत किंवा बाहेर स्लीव्ह (नळीचा तुकडा) घालून जोडायला सांगा, आणि पावलाचा कोन पुन्हा जुळवून घ्या. लांबी बदलली की पाऊल जमिनीला सपाट टेकत नाही, कडेवर उभं राहतं, आणि मग आधीपेक्षा लवकर रुततं. स्टँड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर कोपऱ्यावरच्या गेट-ग्रिलवाल्याकडे नेऊच नका, त्याला टिग वेल्डिंगवाला लागतो. आणि काही झालं तरी स्टँड गाडीवरून काढून न्या. गाडीवरच वेल्डिंग करून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, उडवलेले लोक मी बघितलेत. पाच मिनिटं वाचवायला गेले आणि गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली.

स्टँडचा स्विच तोडून टाकणे

यावर मी जरा जास्तच चिडतो, माफ करा.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांना स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा स्विच असतो. जागा अशी की पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल थेट त्याच्यावर. चिखल सुकला किंवा लोहचुंबकवाल्या स्विचच्या फटीत खडा अडकला की स्विचला वाटतं, स्टँड खालीच आहे. लक्षण ओळखायला अगदी सोपं. न्यूट्रलला गाडी व्यवस्थित चालू राहते, गिअर टाकला की मरते. एवढं दिसलं की पहिला हात स्टँडपाशी गेला पाहिजे. तरी बिघाड जात नसेल तर क्लच लिव्हरचा स्विच बघा.

पण नाही. ताम्हिणीत एका ग्रुपने अशाच गाडीची सीट काढली, प्लग बदलला, फ्यूज तपासले, पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणून टाकी निम्मी रिकामी केली. वरून पाऊस. फोनवर कुणीतरी त्यांना पेट्रोल पंप गेला असं पक्कं सांगितलं होतं. शेवटी एकाने पाण्याची बाटली स्विचवर रिकामी केली, स्टँड चार वेळा वर-खाली केला आणि गाडी सुरू.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. त्या मुलाने घरी गेल्यावर जवळच्या एका मेकॅनिककडून स्विचच्या वायरी कापून एकमेकींना जोडून घेतल्या. कायमचा इलाज! पुढे एकदा पहाटे निघताना स्टँड खालीच राहिला. पहिल्याच डाव्या वळणाला स्टँड रस्त्यावर टेकला, मागचं चाक उचललं गेलं आणि गाडी सरळ नाल्यात. खांद्याजवळचं हाड मोडलं, गळ्यात हात बांधून कित्येक आठवडे घरी बसला.

रानात अडकलात, काहीच सुधारेना, तर घरी पोचण्यापुरता स्विच बायपास करायला माझी ना नाही. तेव्हाही एक ध्यानात ठेवा. काही गाड्यांना वायरी जोडल्यावर गाडी चालते, काहींना मोकळ्या सोडल्यावर. आंधळेपणाने जोडाल तर चालणारी गाडीही थांबेल. आणि बायपास केलाच तर मीटरवर लाल टेप लावा, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा. एरवी प्रत्येक राइडनंतर स्विच पाण्याने धुवा, कोरडा झाल्यावर थोडा काँटॅक्ट क्लीनर मारा. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र जवळून मारू नका. आणि निघण्याआधी डाव्या टाचेने मागे एकदा स्टँड चाचपायची सवय लावून घ्या. मी तर स्विच शाबूत असलेल्या गाडीवरही चाचपतो.

बाकीच्या, थोडक्यात

स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून फोटो, फूटरेस्टवर उभं राहून व्हिडिओ, स्टँडवर गाडी गोल फिरवून यू-टर्न: स्टँड नाही वाकला तर तो जिथे बसतो ती फ्रेमची पट्टी वाकते. ती फ्रेमची असल्यामुळे मग खर्चाचं बोलू नका.

उतारावर गाडीचं तोंड चढाकडे आणि पहिला गिअर टाकून. तोंड उताराकडे ठेवलं आणि गाडी चार बोटं पुढे सरकली की स्टँड मागे मिटतो. समोरच्या ब्रेक लिव्हरला एक जाड रबर बँड गुंडाळला की पार्किंग ब्रेक तयार, याहून स्वस्त अ‍ॅक्सेसरी मला माहीत नाही.

परदेशी एन्ड्युरो (रानावनातल्या लांब शर्यतींच्या) गाड्यांना काही वेळा वजन सुटलं की स्वतःहून वर जाणारा स्टँड असतो. अशी गाडी मित्राला दिलीत तर त्याला आधी सांगा. मोटोक्रॉसच्या गाड्यांना स्टँडच नसतो, तिथे एक्सलमध्ये घालायचा त्रिकोणी स्टँड नाहीतर झाड. झाड असेल तर मधमाश्यांचं पोळं आधी बघा.

डबल स्टँड असलेल्या गाडीला कॅम्पवर डबल स्टँडच लावा, पण त्याच्याखालीही दोन फळ्या हव्यात.

पिव्हटचा, म्हणजे स्टँड ज्यावर फिरतो तो बोल्ट ढिला झाला की गाडी रोज थोडी जास्त झुकते आणि माणसाला वाटतं जमीनच तशी आहे. दर सर्व्हिसला बोल्ट काढून ग्रीस भरा, सर्व्हिस सेंटरच्या भरवशावर राहू नका.

आणि स्प्रिंग. बऱ्याच स्टँडना एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात, त्यातली एक तुटली तरी स्टँड वर राहतो म्हणून कुणी बघत नाही. दुसरी तुटते ती नेमकी रानात. स्पेअर स्प्रिंग टूलकिटमध्ये ठेवा. बसवताना पकडीने ओढून बोटं ठेचून घेऊ नका. घरीच स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून एकेका बाजूला वाकवा आणि उघडलेल्या वेटोळ्यांमध्ये पातळ वॉशर किंवा रुपयाची नाणी सरकवत जा. स्प्रिंग लांब झाली की हाताने हुकमध्ये अडकते, आणि स्टँड खाली केला की नाणी आपोआप गळून पडतात. समोर चेहरा धरू नका, जोरात उडतात. रानात व्हाइस कुठला! म्हणून जुन्या ट्यूबच्या रबराची लांब पट्टी बरोबर असू द्या, स्टँड वर करून फूटरेस्टला घट्ट बांधला की गाव गाठता येतं. पट्टीचं सुटं टोक तेवढं खोचून टाका, चेनकडे लोंबू देऊ नका.