ब्रीदरचा पाईप काढावा की ठेवावा?

इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, ऑइल दिसू लागले की ‘ब्रीदरचा पाईप काढून खाली सोडून द्या’ असा सल्ला जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांमध्ये सर्रास मिळतो. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढणारा मार्ग. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनातील थोडा वायू पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट असलेल्या खालच्या भागात) उतरतोच, आणि त्याच्यासोबत न जळलेले इंधन व पाण्याची वाफही ऑइलमध्ये मिसळते. पेट्रोल इंजिनात पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसचा वायू सोडणारी झडप) हा वायू इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) ओढीने खेचून पुन्हा जळायला पाठवतो, तर दुसऱ्या पाईपने एअर फिल्टरकडील स्वच्छ हवा आत येते. पाईप मोकळा सोडला तर दाब बाहेर पडतो हे खरे. पण हवेचा हा प्रवाह थांबतो, वाफ आतच राहते आणि ऑइलचा गाळ लवकर होतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचा गारठा चांगलाच असतो. त्या दिवसांत गाडी दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर, लोण्यासारखा थर दिसतो. तो याच ओलाव्याचा असतो. पाईप काढून त्याचे तोंड बंद करणे तर याहून वाईट, कारण मग दाब ऑइल सील आणि टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून वाट काढतो.

मॅनिफोल्डकडचे तोंड उघडे राहिले तर न मोजलेली हवा आत जाते, हवा-इंधनाचे मिश्रण पातळ होते आणि आयडलिंग बिघडते. शिवाय क्रँककेसचा वायू बाहेर सोडण्याची मुभा पेट्रोल गाड्यांच्या प्रदूषण नियमांत नाही. शर्यतीच्या गाड्यांत उघडे ब्रीदर चालतात, पण त्यांचे ऑइल वारंवार बदलले जाते.

म्हणून आधी तपासणी करावी. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, फॅन आणि बेल्टपासून हात व कपडे दूर ठेवून ऑइलचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर पातळ कागद धरावा. पेट्रोल गाडीत कागद हलकेच आत ओढला गेला तर व्यवस्था बहुधा ठीक आहे. तो बाहेर फेकला जात असेल आणि धूर ठोके देत येत असेल, तर व्हॉल्व्ह तुंबलेला आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन (रिंगांच्या कडेने खाली उतरणारा वायू) वाढले आहे. इंजिन बंद करून, सुटा व्हॉल्व्ह असल्यास तो काढून कानाजवळ हलवावा. आतून खडखड आली नाही तर तो बदलावा. अनेक नव्या इंजिनांत सुटा व्हॉल्व्ह नसून कव्हरमध्येच पडदा असतो, आणि तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो. पाईप वळणावर दाबून पाहावेत, कारण आपल्याकडील पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आधीच तापलेले रबर कडक होऊन नेमके तिथेच तडकते.

डिझेल इंजिनात मॅनिफोल्डची तशी ओढ नसते. तिथे वायू सहसा ऑइल सेपरेटरमधून (वायूतले ऑइल वेगळे करणाऱ्या भागातून) टर्बोच्या आधीच्या पाईपात जातो, म्हणून कागदाची परीक्षा तिथे लावू नये. सेपरेटर तुंबला आहे का ते पाहावे.

व्हॉल्व्ह आणि पाईप ठीक असूनही धूर येत असेल तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन (सिलिंडरमधून हवा किती गळते हे पाहणारी) चाचणी करून घ्यावी. रिंगा झिजल्या असतील तर पाईप काढल्याने फक्त लक्षण झाकले जाईल, आणि खर्च पुढे वाढेल.

रिंगा चांगल्या असून इनटेकमध्ये ऑइल येत असेल तर कॅच कॅन (वायूतले ऑइल गोळा करणारा डबा) बसवायला हरकत नाही, मात्र तो बंद जोडणीचा असावा: एक पाईप इंजिनकडून आत, दुसरा परत इनटेककडे, आणि दोन्हींचा आतला व्यास मूळ पाईपाइतकाच. पाईप ऑइल सहन करणारे असावेत आणि त्यांना क्लिपा लावाव्यात. वर छोटा फिल्टर लावलेला उघडा कॅन मी सुचवणार नाही, कारण कापूस-केळीच्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यावरची काळ्या मातीची धूळ त्या तेलकट फिल्टरवर बसून तो लवकर तुंबतो. कॅन हात सहज पोहोचेल अशा जागी, एक्झॉस्टपासून दूर बसवावा. हिवाळ्यात त्यात पाणी जास्त जमते, तेव्हा तो अधिक वेळा रिकामा करावा आणि निघालेले ऑइल इंजिनात परत ओतू नये.